भाताखालचा खडक

कारईच्या घळींतून उचलून आणलेला दगडाचा एक तुकडा हे पुस्तक लिहिताना माझ्या टेबलावर होता. कारई हे पेरंबलूर जिल्ह्यातलं लहानसं गाव, त्रिचीहून तासाभराच्या वाटेवर. गावाबाहेर पावसानं कोरलेल्या मातकट टेकड्या आहेत. त्यांच्या अंगावरून जिप्समच्या पांढऱ्या शिरा वाकड्यातिकड्या धावतात, आणि पायाखाली बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे जीवाश्म सापडतात. माकुलाच्या नात्यातल्या, केव्हाच नामशेष झालेल्या प्राण्यांचे. दहा कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्याच्या तळाशी बसलेला गाळ दाबाखाली घट्ट होत गेला आणि हा खडक तयार झाला. नखानं उचकटला तर चिरोट्यासारखे पदर सुटतात. पाण्याचे दोन थेंब टाकले की शाळेतल्या ओल्या पाटीचा वास येतो.

आपण सह्याद्रीची माणसं. दगड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काळा कातळ येतो, लाव्हा थिजून झालेला. त्याला असे पदर नसतात आणि त्याच्या पोटात तेल-वायू जन्माला येत नाही. म्हणून अशा पदरांच्या खडकाचं शेल हे नाव मराठीत आलं ते बातम्यांतून. तो खडक हातात घेऊन पाहिलेली माणसं आपल्यात थोडी. ‘भारताकडे प्रचंड शेल गॅस’ किंवा ‘शेल गॅसमुळे शेती उद्ध्वस्त’ असे दोन्ही मथळे मी मराठी वर्तमानपत्रांत वाचले आहेत आणि दोन्हींनी माझं समाधान केलेलं नाही. चेन्नईत इतकी वर्षं राहून, इथून कावेरीच्या खोऱ्यात अनेक फेऱ्या मारून जे समजलं, ते मराठी वाचकापुढे ठेवावं यासाठी हे पुस्तक आहे. आधी खडक, मग माणसं आणि मग कायदा, असा त्याचा क्रम आहे. प्रस्तावनेतही मी तोच ठेवतो.

उघड्यावर आलेल्या कारईच्या खडकात गॅस उरलेला नाही. ज्यावर लोकांचा डोळा आहे तो खडक पूर्वेला, समुद्राच्या बाजूला, दोन ते चार किलोमीटर खोल आहे. गोंडवन खंड फुटला आणि भारत वेगळा झाला तेव्हा या किनाऱ्यालगतची जमीन ताणली जाऊन तिला लांबट खड्डे पडले. नद्यांनी आणि पुढे समुद्रानं ते गाळानं भरले. त्या गाळात गाडल्या गेलेल्या वनस्पती आणि सूक्ष्म जीव खालच्या उष्णतेनं शिजत राहिले आणि त्यांचं तेल व वायू झालं. त्यातला काही भाग वर सरकून वाळूच्या सच्छिद्र खडकात अडकला. तिथे विहीर खणली की तो आपल्या दाबानं वर येतो. नरिमणम, कुत्तालम, भुवनगिरी इथल्या तेल-वायूच्या विहिरी या जातीच्या, आणि त्या कित्येक दशकं चालू आहेत. पण जो वायू जन्मला तिथेच, शेलच्या पदरांत आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांत राहून गेला, तो शेल गॅस. वाळूच्या खडकातला वायू हा माठातल्या पाण्यासारखा, तर शेलमधला वायू हा माठाच्या भाजलेल्या मातीत मुरलेल्या ओलाव्यासारखा. तो बाहेर काढायचा तर माती तडकवावी लागते.

ती तडकवायची रीत अशी. विहीर आधी सरळ खाली नेतात, शेलच्या थरात पोचली की वळवून किलोमीटर-दोन किलोमीटर आडवी चालवतात. मग नळीला टप्प्याटप्प्यानं भोकं पाडून प्रचंड दाबानं पाणी, वाळू आणि थोडी रसायनं आत सोडतात. खडकाला केसाएवढ्या भेगा पडतात, वाळूचे कण त्या भेगांत अडकून त्या मिटू देत नाहीत, आणि वायू हळूहळू नळीकडे येऊ लागतो. यालाच फ्रॅकिंग म्हणतात. टेक्सासमधल्या बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीनं १९८०च्या दशकापासून हा उद्योग केला. पंधरा-सोळा वर्षं हाती फारसं लागलं नाही. १९९८च्या सुमारास पातळ पाण्याचं मिश्रण वापरायची युक्ती साधली आणि चित्र पालटलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत अमेरिका जगात सर्वाधिक नैसर्गिक वायू काढणारा देश झाला.

हे यश एका माणसाच्या चिकाटीचं म्हणून सांगितलं जातं, आणि चिकाटी होतीच. पण त्याच्यामागे आणखी चार गोष्टी उभ्या होत्या: सरकारी संशोधनाचा पैसा, आधीपासून अंथरलेलं वायुवाहिन्यांचं जाळं, भाड्यानं मिळणारी शेकडो यंत्रं, आणि जमिनीच्या मालकालाच तिच्याखालच्या खनिजाचा मालक मानणारा कायदा. टेक्सासच्या शेतकऱ्याच्या रानात विहीर पडली तर त्याला दरमहा रॉयल्टीचा चेक येतो. म्हणून कंपनीचा माणूस दारात आला की तो घासाघीस करायला बसतो. आपल्याकडे तेल आणि वायू सरकारच्या मालकीचे. १९४८चा तेलक्षेत्र कायदा आणि १९५९चे नियम त्यावरच उभे राहिले. शेतकऱ्याला मिळते ती वरच्या जमिनीची भरपाई. खालच्या संपत्तीत त्याचा वाटा नाही, आणि वर काही बिघडलं तर ते सगळं त्याचं. कावेरीच्या खोऱ्यात या विषयावर मी जितक्या बैठकी ऐकल्या, त्या सगळ्यांच्या मुळाशी मला ही गोष्ट दिसली. तंत्रज्ञानाच्या चर्चेत ती क्वचितच निघते.

आता आकडे. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनानं २०१३मध्ये भारतातला काढता येण्याजोगा शेल गॅस ९६ लाख कोटी घनफूट धरला. त्यात खंबात, कृष्णा-गोदावरी, कावेरी आणि दामोदर अशी चार खोरी होती, आणि कावेरीचा वाटा त्यात अगदी लहान, पाचेक लाख कोटी घनफूट. त्याआधी एकच वर्ष, २०१२मध्ये, त्याच देशाच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनं दामोदर सोडून बाकीच्या तीन खोऱ्यांचा अंदाज दिला होता, तो ६.१ लाख कोटी घनफूट. आपला देश वर्षाला जितका वायू जाळतो त्या हिशेबानं पहिला आकडा चाळीस वर्षांचा साठा आहे, दुसरा तीन वर्षांचासुद्धा नाही. एका सरकारच्या दोन खात्यांनी जवळजवळ त्याच जमिनीविषयी सांगितलेले हे आकडे आहेत. यात कुणी लबाडी केली असं मी म्हणणार नाही. नकाशावर थराची जाडी, खोली, त्यातला सेंद्रिय अंश पाहून केलेला अंदाज आणि प्रत्यक्ष विहिरीतून येणारा वायू यांत एवढं अंतर पडू शकतं. पोलंडनं ते भोगलं. तिथे २०११मध्ये १८७ लाख कोटी घनफुटांचा अंदाज ऐकून बड्या कंपन्या धावल्या. पुढच्याच वर्षी पोलंडच्या भूगर्भ संस्थेनं तो आकडा साधारण दहाव्या हिश्श्यावर आणला, आणि काही वर्षांत कंपन्या एकामागून एक निघून गेल्या.

भारतात पहिला शेल गॅस निघाला तो जानेवारी २०११मध्ये, पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरजवळ इच्छापूरला, ओएनजीसीच्या प्रायोगिक विहिरीतून. ऑक्टोबर २०१३मध्ये केंद्रानं शेलचं धोरण काढलं आणि पहिल्या टप्प्यात सरकारी कंपन्यांना ५६ क्षेत्रं नेमून दिली. त्यांतली ५० ओएनजीसीची, आणि त्या ५०पैकी ९ कावेरी खोऱ्यातली. विहिरी खणल्या गेल्या, खडकाचे गाभे काढून तपासले गेले. पण व्यापारी उत्पादन म्हणावं असं यातून काही उभं राहिलं नाही. आपल्या खोऱ्यांतला शेल अमेरिकेच्या शेलसारखा सलग पसरलेला नाही. जमीन ताणली गेली तेव्हाच्या भ्रंशांनी तो जागोजाग तुटलेला, वरखाली सरकलेला आहे. आडवी विहीर चालवताना थर मध्येच संपतो. इंजिनिअरांच्या भाषेत ही एक अडचण आहे. माझ्या मते ती या विषयातली पहिली अडचण आहे आणि ती मान्य करूनच पुढचं बोलावं.

असं असताना कावेरीच्या काठची गावं एवढी पेटून का उठली? त्यासाठी एका शब्दाकडे पाहावं लागेल. तिरुवारूर, तंजावर, नागपट्टिणमच्या गावांत कुणी शेल गॅस म्हणत नाही. ‘मीथेन’ म्हणतात. २०१०मध्ये मन्नारगुडी भागातलं सातशे चौरस किलोमीटरच्या आसपासचं क्षेत्र एका खासगी कंपनीला कोळशाच्या थरांतला मीथेन काढण्यासाठी मिळालं. शेल गॅस आणि कोळशातला मीथेन यांचं तंत्र एक नाही. मीथेन सुटायचा तर कोळशाच्या थरातलं पाणी उपसून दाब कमी करावा लागतो. ‘पाणी उपसून’ हे दोन शब्द कानावर पडले आणि कावेरीच्या डेल्टातल्या माणसाला नेय्वेली आठवली. कडलूर जिल्ह्यातल्या नेय्वेलीची लिग्नाइटची उघडी खाण कोरडी ठेवण्यासाठी जमिनीखालचं पाणी दशकानुदशकं उपसलं जात आहे, आणि आसपासच्या गावांच्या बोअर किती खाली गेल्या हे तिथलं पोरही सांगतं. तेव्हा मीथेन हा शब्द गावानं उचलला, आणि पुढे जे जे जमिनीतून निघेल ते सगळं त्या एका शब्दात गेलं. तज्ज्ञ मंडळी याला अडाणीपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. गावानं तंत्राला नाव दिलेलं नाही, अनुभवाला दिलं आहे.

त्या आंदोलनाला बळ आलं ते जी. नम्माळ्वार यांच्यामुळे. सरकारी शेती संशोधनातली नोकरी सोडून सेंद्रिय शेतीच्या प्रचाराला वाहून घेतलेला हा तंजावरकडचा माणूस. हिरवं मुंडासं, उघडं अंग आणि पांढरी दाढी, अशी त्यांची मूर्ती तमिळनाडूत घराघरांत ओळखीची आहे. मीथेनविरुद्ध गावोगाव बोलत फिरत असतानाच ३० डिसेंबर २०१३ रोजी ते गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्य सरकारनं तज्ज्ञ समिती नेमून काम थांबवलं होतं. २०१५मध्ये डेल्टात कोळशातल्या मीथेनवर कायमची बंदी आली.

पण २०१७मध्ये पुदुकोट्टै जिल्ह्यातल्या नेडुवासलचं नाव केंद्राच्या लहान तेलक्षेत्रांच्या यादीत आलं आणि जानेवारीतलं जल्लिकट्टूचं आंदोलन शमतं न शमतं तोच फेब्रुवारीत हे गाव रस्त्यावर बसलं. बायका भाकऱ्या नाही, इथल्या रिवाजाप्रमाणे भाताचे डबे घेऊन मांडवात बसत. पाठोपाठ ३० जूनला तंजावर जिल्ह्यातल्या कदिरामंगलममध्ये तेलाची वाहिनी फुटून शेतात तेल पसरलं. लोक जमले, पोलिसांनी लाठी चालवली, अटका झाल्या. ओएनजीसी सांगत राहिली की ही आमची जुनी नेहमीची वाहिनी आहे, इथे मीथेन नाही, शेल नाही. बोलणं खरं होतं. पण ऐकून घेणारं कुणी उरलं नव्हतं, कारण गळती होण्याआधी कुणी विश्वासानं येऊन बसलेलं नव्हतं.

१६ जानेवारी २०२०ला केंद्रानं पर्यावरण परवानगीचे नियम बदलून तेल-वायूच्या शोधविहिरींना जनसुनावणीतून सूट दिली. तीन-साडेतीन आठवड्यांत, ९ फेब्रुवारीला, तेव्हाचे मुख्यमंत्री एडप्पाडी पळणीस्वामी यांनी डेल्टाला संरक्षित कृषिक्षेत्र घोषित केलं आणि २० तारखेला विधानसभेनं कायदा केला. त्या क्षेत्रात नव्या तेल-वायू प्रकल्पांना मनाई आहे, आणि मनाईच्या यादीत कोळशातला मीथेन आणि शेल गॅस ही नावं स्पष्ट लिहिली आहेत. शेलला नावानिशी दार बंद करणारा कायदा भारतात एका राज्यानं केला, आणि तो एका नियमबदलाला उत्तर म्हणून केला, हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे. सुनावणी राहिली असती तर एवढा सरसकट कायदा झाला असता का, हा प्रश्न मला सुटलेला नाही.

पाण्याचं काय? इथे चेन्नईकराला बोलण्याचा हक्क आहे. २०१९च्या जूनमध्ये पूंडी, चोळावरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे चारही तलाव जवळजवळ तळाला गेले. आमच्या गल्लीत पहाटे चार वाजता घागरींची रांग लागे. इथे प्लास्टिकच्या घागरीला कुडम म्हणतात. प्रत्येक घराचा रंग ठरलेला, आमचा निळा. टँकर येईपर्यंत माणसं घरी जात आणि रांगेत रंगीत कुडम उभे राहत. जुलैत जोलारपेट्टैहून पाण्याची रेल्वेगाडी सुरू झाली: पन्नास वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे एका खेपेला पंचवीस लाख लिटर. शेलच्या एका आडव्या विहिरीला फ्रॅकिंगसाठी दीड-दोन कोटी लिटर पाणी सहज लागतं, लांब विहिरींना याहून कितीतरी जास्त. म्हणजे एका विहिरीला तशा सहा ते आठ गाड्या.

हे गणित मी बरेच दिवस सांगत असे, आणि ऐकणारा हादरत असे. पुढे मन्नारगुडीजवळच्या एका शेतकऱ्यानं मला थांबवलं. म्हणाला, “सार, माझ्या एका एकराला एका हंगामात पन्नास-साठ लाख लिटर पाणी लागतं. तुमची विहीर म्हणजे माझं तीन-चार एकर भात.” हिशेब त्याचा बरोबर होता. केवळ प्रमाण पाहिलं तर शेल गॅस हे पाण्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक नाही, शेतीच आहे. खरा फरक दुसऱ्या ठिकाणी आहे. शेतात सोडलेलं पाणी जमिनीत मुरतं, वाहून खालच्या शेतात जातं, हवेत जाऊन पावसात येतं. विहिरीत सोडलेल्या पाण्यातलं बरंचसं खालीच राहतं, आणि जे परत वर येतं ते अनेकदा समुद्राच्या पाण्याहून खारट असतं, त्यात खोल खडकातली जड मूलद्रव्यं विरघळलेली असतात. ते कुठे टाकायचं? अमेरिकेत ते पुन्हा खोल विहिरींत दाबतात. तेल-वायूचं असं पाणी दाबूनच ओक्लाहोमात भूकंप वाढले; २०१६च्या सप्टेंबरमध्ये पॉनी इथे ५.८ तीव्रतेचा झाला. डेल्टा तर सपाट, पाणी साठणारा, आणि वादळाच्या वाटेवरचा. नोव्हेंबर २०१८मध्ये गज वादळानं वेदारण्यमला काय केलं ते मी पाहिलं आहे. त्या रात्री तिथे खाऱ्या, दूषित पाण्याचं एखादं उघडं तळं असतं तर सकाळी ते कुठल्या शेतात सापडलं असतं, याचं उत्तर मला एकाही अहवालात मिळालेलं नाही.

त्यात शेलची विहीर लवकर दमते. पहिल्या वर्षातच उत्पादन निम्म्याहून खाली येतं. म्हणून वायूचा ओघ टिकवायचा तर एकामागून एक नव्या विहिरी पाडत राहावं लागतं. एकट्या बार्नेटमध्ये पंधरा हजारांहून जास्त विहिरी आहेत. एका जागी यंत्रं, टाक्या, ट्रक उभे करायला दोन-तीन हेक्टर सपाट जमीन लागते, आणि तमिळनाडूत सरासरी शेतकऱ्याची जमीन पाऊण हेक्टर. म्हणजे प्रत्येक जागेला तीन-चार कुटुंबं.

तर मग शेल गॅस नको, एवढं म्हणून मोकळं व्हावं का? मला ते जमत नाही, आणि त्याचं कारण कोकणात आहे. गुहागर तालुक्यात, दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी द्रवरूप वायू उतरवण्याचं टर्मिनल आहे. एन्रॉनच्या प्रकल्पानं ज्या किनाऱ्यावर एवढा संघर्ष पाहिला तोच हा किनारा. तिथे ३० मार्च २०१८ रोजी ‘मेरिडियन स्पिरिट’ नावाचं जहाज लागलं. गेल कंपनीनं डिसेंबर २०११मध्ये अमेरिकेतल्या सबाइन पास या वायुनिर्यात टर्मिनलशी वीस वर्षांचा करार केला होता, वर्षाला ३५ लाख टनांचा. त्यातली ही पहिली खेप, आणि सबाइन पासला पोचणाऱ्या वायूत शेलचा वाटा मोठा आहे. त्या दिवसापासून आपण अमेरिकेतल्या शेलचे नियमित गिऱ्हाईक झालो. इथे चेन्नईच्या उत्तरेला एन्नोरच्या बंदरात २०१९पासून असंच टर्मिनल चालू आहे, आणि तिथून निघणारी वाहिनी नागपट्टिणम, मदुरै, तुत्तुक्कुडीकडे जाते. देशाला लागणाऱ्या वायूपैकी निम्म्याच्या आसपास बाहेरून येतो. आपल्या भातशेतीखाली फ्रॅकिंग नको म्हणताना लुइझियाना-टेक्सासच्या कुणाच्या तरी विहिरीच्या पाण्यावर आपली चूल पेटत असेल, तर ते आपण उघड कबूल केलं पाहिजे. आणि वायू नको म्हटलं तर नेय्वेलीचा लिग्नाइट आहेच, जो तेवढ्याच विजेसाठी जळताना वायूच्या दुपटीहून अधिक कार्बन सोडतो. वायूतून गळणारा मीथेन हा हिशेब बिघडवतो, हेही खरं. पण प्रश्न अवघड आहे, आणि तो अवघड आहे असंच वाचकाला सांगायला हवं.

माझं मत मी लपवणार नाही. कावेरीच्या डेल्टात शेलला बंदी हवी, ती आहे ते योग्य आहे. जिथे गॅस थोडा, खडक तुटका, जमीन लहान तुकड्यांची, पाणी वादग्रस्त आणि वरचं पीक लाखो घरांचं अन्न, तिथे तीन वर्षांच्या की चाळीस वर्षांच्या साठ्याचा वाद घालण्यात अर्थ नाही. चेन्नईलाही हे लागू आहे: कडलूर जिल्ह्यातल्या वीराणम तलावातून २००४पासून सव्वादोनशे किलोमीटरहून लांब नळानं आमच्याकडे पाणी येतं, आणि तो तलाव कावेरीच्या पाण्यावर भरतो. चोळ राजांनी बांधलेल्या त्या तलावाचं पाणी मी रोज पितो. दामोदरच्या कोळसापट्ट्यात किंवा खंबातमध्ये सरकारी कंपन्यांनी संशोधन चालू ठेवायला मात्र माझी हरकत नाही. हरकत आहे ती आंधळेपणाला. विहीर पाडण्याआधी निदान दोन वर्षं आसपासच्या प्रत्येक विहिरीचं पाणी कंपनीशी संबंध नसलेल्या संस्थेनं तपासावं आणि निकाल गावच्या भाषेत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. कुठली रसायनं किती सोडली ते जाहीर व्हावं. अमेरिकेनं २००५च्या कायद्यानं फ्रॅकिंगला पिण्याच्या पाण्याच्या संरक्षण नियमांतून सूट दिली आणि पुढची कितीतरी वर्षं लोक कोर्टात गेले, कारण आधीचं पाणी कसं होतं याची नोंदच नव्हती. जनसुनावणी परत यावी. आणि खालच्या संपत्तीतला काही वाटा वरच्या माणसाला कायद्यानं मिळावा. २०२५मध्ये तेलक्षेत्र कायदा दुरुस्त करून शेलला त्यात रीतसर जागा दिली गेली, पण ही शेवटची गोष्ट त्यात आलेली नाही.

पुस्तकात तमिळ नावं मी तिथल्या उच्चाराला जवळ जाईल अशी लिहिली आहेत. तंजावरला मात्र तंजावरच ठेवलं. व्यंकोजी राजांपासून आपण त्याला तसंच म्हणत आलो आहोत आणि तिथल्या मराठी घरांतही तेच नाव आहे. त्रिभुज प्रदेश हा शाळेतला शब्द सोडून ‘डेल्टा’ घेतला, कारण तिथले लोक स्वतःला डेल्टाचे म्हणतात. नदीचं पाणी जिथे सर्वांत शेवटी पोचतं त्या शेतांना कडैमडै म्हणतात. त्याला मराठीत ‘टेल’ म्हणण्याची कालव्यावरच्या शेतकऱ्यांची सवय आहे, तीच मी वापरली.

अशाच एका टेलच्या शेतकऱ्याची वही या पुस्तकाच्या शेवटी छापली आहे. साधी, दोरीनं बांधलेली, किराणा दुकानातल्या खातेवहीसारखी. तिच्यात तीन रकाने: कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडल्याची तारीख, आपल्या शेतात पाणी पोचल्याची तारीख, आणि मोटारीचा पाइप किती फूट खाली सोडावा लागला तो आकडा. दरवाजे रिवाजानं १२ जूनला उघडायचे. २०१२ ते २०१९ अशी आठ वर्षं पहिल्या रकान्यात ती तारीख नाही. काही वर्षं दुसऱ्या रकान्यात नुसती रेघ आहे. तिसऱ्या रकान्यातला आकडा वाढत गेला आहे, आणि पुढे पुढे त्याच्याशेजारी त्यानं एक शब्द लिहायला सुरुवात केली आहे: ‘उप्पु’, म्हणजे मीठ. किती मीठ ते मोजायला त्याच्याकडे काही नाही. तो पाणी जिभेवर घेतो आणि लिहितो. २०२०च्या ओळीत १२ जून आहे, त्यापुढे पाणी पोचल्याची तारीख आहे, आणि त्या वर्षी ‘उप्पु’ लिहिलेलं नाही.

चेन्नई